गोठणबिंदू आणि पाण्यात विरघळलेले धातूंचे क्षार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोठणबिंदू मोजल्याने विरघळलेल्या क्षाराबद्दल नेमके काय कळते?

ठरावीक वजनाच्या पाण्यात द्राव्याचे किती कण स्वतंत्रपणे वावरत आहेत, एवढेच कळते. ते कण कोणत्या धातूचे आहेत, त्यांच्यावर किती विद्युतभार आहे, ते लहान आहेत की मोठे, यांपैकी काहीही तापमापीला समजत नाही. सोडिअमचा एक आयन, फेरोसायनाइडचा एक भलामोठा आयन आणि साखरेचा एक रेणू यांचे वजन या हिशेबात सारखेच, म्हणजे प्रत्येकी एक. ही पद्धतीची मर्यादा वाटेल, पण तिचे बळही यातच आहे. क्षाराचे सूत्र पाहून कणांची एक संख्या अपेक्षित असते आणि गोठणबिंदू दुसरीच संख्या सांगतो. या दोन संख्यांमधल्या तफावतीचा अर्थ लावणे हाच या अभ्यासाचा खरा विषय आहे.

विरघळलेल्या पदार्थामुळे गोठणबिंदू खाली का जातो?

० अंश सेल्सिअसला शुद्ध पाणी आणि बर्फ समतोलात असतात, कारण बर्फातून सुटणारे आणि बर्फाला चिकटणारे रेणू सारख्याच वेगाने ये-जा करतात. पाण्यात क्षार विरघळला की द्रवातील पाण्याची बर्फात जाण्याची प्रवृत्ती कमी होते. बर्फ मात्र शुद्धच राहतो, कारण क्षाराचे आयन सहसा बर्फाच्या जालकात शिरत नाहीत. त्यामुळे समतोल पुन्हा साधण्यासाठी तापमान खाली आणावे लागते. (अमोनिअम फ्लोराइड हा ठळक अपवाद आहे. तो बर्फाच्या जालकात सामावला जातो, म्हणून त्याच्यावर हा हिशेब डोळे मिटून लावू नये.)

किती घट होईल हे द्रावकावर अवलंबून असते. वायुस्थिरांक, वितळण्याच्या निरपेक्ष तापमानाचा वर्ग आणि द्रावकाचे मोलवस्तुमान यांच्या गुणाकाराला वितळण्याच्या मोलीय उष्णतेने भागले की द्रावकाचा गोठणस्थिरांक मिळतो. पाण्यासाठी तो १.८६ येतो, म्हणजे १ किलो पाण्यात १ मोल (कण मोजण्याचे ठरावीक मोठे एकक) इतके कण असतील तर गोठणबिंदू आदर्शतः १.८६ अंशांनी खाली जातो. बेंझिनचा स्थिरांक ५.१२ आहे, तर कापराचा ४० च्या आसपास. घट संहतीच्या (द्रावण किती दाट आहे त्याच्या) प्रमाणात असते हे चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी १७८८ मध्ये दाखवले होते. पण तिचा संबंध मोलांच्या संख्येशी जोडून पद्धतीला शास्त्रीय साधनाचे रूप देण्याचे श्रेय १८८० च्या दशकात फ्रान्समध्ये काम करणाऱ्या फ्रान्स्वा-मारी राऊल यांचे आहे.

व्हान्ट हॉफ गुणांक म्हणजे काय?

प्रत्यक्षात मोजलेली घट आणि क्षार आयनांत अजिबात फुटला नसता तर झाली असती ती घट, यांचे गुणोत्तर म्हणजे व्हान्ट हॉफ गुणांक. एक उदाहरण घेऊ. १ किलो पाण्यात ०.१ मोल साखर असेल तर घट सुमारे ०.१८६ अंश येते. तेवढेच मोल सोडिअम क्लोराइड घेतले, तर दोन आयन सुटे होतात म्हणून ०.३७२ अंशांची अपेक्षा ठेवावी. मोजणीत मात्र ०.३४८ अंश मिळते. ०.३४८ ला ०.१८६ ने भागले की १.८७ हा गुणांक येतो. द्रावण दहापट विरल केले की तो १.९४ होतो आणि शंभरपट विरल केले की १.९७. विरलतेबरोबर तो २ कडे सरकत जातो, पण मध्यम संहतीत २ पर्यंत पोहोचत नाही.

मग १.८७ चा अर्थ ८७ टक्के मीठ फुटले आणि १३ टक्के अखंड राहिले, असा घ्यायचा का?

नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचे चुकीचे उत्तरही सर्वांत जास्त ठिकाणी वाचायला मिळते, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल.

स्वान्ते अऱ्हेनिअस यांनी १८८७ मध्ये नेमका हाच अर्थ लावला होता आणि त्यांच्याजवळ चांगला पुरावा होता. क्षाराच्या द्रावणाची मोलीय वाहकता (एका मोलामागे वीज वाहून नेण्याची क्षमता) अतिविरल द्रावणाच्या वाहकतेशी ताडून पाहिली, तर ०.१ मोलर (१ लिटर द्रावणात ०.१ मोल) मिठासाठी २५ अंशांना ते गुणोत्तर सुमारे ०.८४ येते. गोठणबिंदूवरून ०.८७ आणि वाहकतेवरून ०.८४ : दोन पूर्णपणे वेगळ्या मोजण्या जवळजवळ एकच आकडा देत असतील, तर तो आकडा विचरणाचे (क्षार आयनांत फुटण्याचे) प्रमाणच असणार, असे वाटणे स्वाभाविक होते. असेटिक आम्लासारख्या दुर्बल विद्युत अपघटनींना (पाण्यात अंशतःच आयनांत फुटणाऱ्या पदार्थांना) हे स्पष्टीकरण उत्तम लागू पडले. अडचण आली ती मिठासारख्या प्रबल क्षारांची. त्यांच्या ‘विचरणा’ला समतोलाचा नियम लावला की समतोल स्थिरांक स्थिर राहतच नसे, संहती बदलली की तोही बदले.

ही कोंडी १९२३ मध्ये पीटर डेबाय आणि एरिक ह्यूकेल यांनी फोडली. त्यांच्या मूळ शोधनिबंधाच्या शीर्षकातच गोठणबिंदूच्या घटीचा उल्लेख आहे, हे मला फार बोलके वाटते. त्यांचे म्हणणे असे की मीठ पूर्णपणे फुटलेलेच असते. पण प्रत्येक धन आयनाभोवती सरासरीने ऋण आयनांची थोडी जास्त गर्दी असते, आणि या परस्पर आकर्षणामुळे आयन पूर्णपणे स्वतंत्र असल्यासारखे वागत नाहीत. म्हणजे कण कमी झालेले नसतात, त्यांचा प्रभाव कमी झालेला असतो. हेच आकर्षण विद्युतक्षेत्रात आयनांना मागे खेचते, म्हणून वाहकताही घटते. दोन्ही आकडे जवळ येण्याचे कारण दोन्हींमागचे बल एक आहे हे. अऱ्हेनिअस यांनी त्यातून लावलेला विचरणाचा अर्थ मात्र प्रबल क्षारांपुरता टिकला नाही.

या सिद्धांतानुसार ० अंशाजवळ पाण्यात गुणांकाची सापेक्ष तूट ही ०.३७७, दोन्ही आयनांच्या भारांचा गुणाकार आणि आयनी तीव्रतेचे (आयनांची संहती आणि त्यांच्या भारांचे वर्ग यांवरून काढलेल्या मापाचे) वर्गमूळ यांच्या गुणाकाराइतकी असते. ०.०१ मोलॅल (१ किलो पाण्यात ०.०१ मोल) मिठासाठी ही तूट ०.०३८ येते, म्हणजे गुणांक १.९२ ते १.९३; मोजलेला १.९४. गोठणबिंदूच्या मोजणीतून कोणताही आकडा उसना न घेता सिद्धांत इतक्या जवळ पोहोचतो. ०.१ मोलॅलला मात्र तो १.७६ सांगतो आणि मोजणी १.८७, कारण या साध्या सूत्रात आयनांना आकारच नसतो. ते अतिविरल द्रावणांपुरतेच आहे.

मॅग्नेशिअम सल्फेटचा गुणांक इतका कमी का येतो?

०.१ मोलॅलला तो अवघा १.२१ येतो, ०.०१ ला १.५३ आणि ०.००१ ला १.८२. दोन्ही आयनांवर दुहेरी भार असल्यामुळे वर सांगितलेला भारांचा गुणाकार १ ऐवजी ४ होतो आणि त्याच मोलॅलिटीला आयनी तीव्रताही चौपट असते. त्यामुळे तुटीचा मोठा भाग केवळ दूरवरच्या आकर्षणाने समजतो. ०.००१ मोलॅलला डेबाय–ह्यूकेल सूत्र १.८१ सांगते, म्हणजे तेथे तर जवळजवळ सगळाच भाग.

पण संहती वाढली की आणखी एक गोष्ट घडते. विरुद्ध भाराचे दोन आयन इतके जवळ येतात की ती जोडी काही काळ एकच कण म्हणून वावरते. नील्स ब्येरुम यांनी १९२६ मध्ये अशा आयनजोड्यांचा हिशेब मांडला. गोठणबिंदूला अशी जोडी एक कण म्हणून दिसते आणि वाहकतेला ती दिसतच नाही, कारण तिच्यावर निव्वळ भार नसतो. मॅग्नेशिअम सल्फेटच्या जोड्यांचा सबळ पुरावा पुढे ध्वनीच्या शोषणातून मिळाला. समुद्राचे पाणी काही वारंवारतांचा ध्वनी अपेक्षेपेक्षा जास्त शोषते, ते मुख्यतः याच क्षारामुळे. गोठणबिंदू एकटा ‘जोडी’ आणि ‘दूरचे आकर्षण’ यांत फरक करू शकत नाही. दोन्हींचा परिणाम एकाच आकड्यात मिसळलेला असतो आणि तो वेगळा करण्यासाठी कोणते तरी गृहीतक घ्यावेच लागते. निष्कर्ष लिहिताना ते गृहीतक स्पष्टपणे नोंदवावे.

गुणांक अपेक्षित संख्येपेक्षा जास्तही येऊ शकतो का?

येतो. कॅल्शिअम क्लोराइड तीन आयन देते, पण १ मोलॅल द्रावणात त्याचा गुणांक ३ च्या वर गेलेला असतो. चौथा कण कोठून आला, असे शोधत बसू नये. लहान आणि जास्त भाराचे आयन पाण्याचे रेणू आपल्याभोवती घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे द्रावक म्हणून मोकळे असलेले पाणी कमी होते, आणि आयनांनी स्वतः व्यापलेल्या जागेचाही परिणाम त्यात मिळतो. लिथिअम आणि मॅग्नेशिअम यांच्या क्लोराइडांतही हा कल दिसतो. संहती वाढवत नेली की विरल द्रावणात गुणांक आधी उतरतो आणि पुढे वळून चढतो. त्यामुळे एकाच संहतीला मोजलेल्या आकड्यावरून काही ठरवणे धोक्याचे असते.

जटिल आयन ओळखण्यासाठी ही पद्धत कशी वापरतात?

जटिल आयन म्हणजे मधल्या धातूला इतर आयन किंवा रेणू जोडले गेलेला आयन. पद्धत सर्वांत खुलते ती येथे, कारण येथे प्रश्न टक्क्यांचा नसून पूर्णांकांचा असतो. क्रोमिअम क्लोराइडच्या सहा रेणू पाणी असलेल्या स्फटिकाचे तीन प्रकार आहेत. घटकांचे प्रमाण तिन्हींत एकच, रंग मात्र जांभळा, फिकट हिरवा आणि गडद हिरवा. जांभळ्यात तिन्ही क्लोराइड धातूच्या घेऱ्याबाहेर असतात, म्हणून चार आयन. फिकट हिरव्यात एक क्लोराइड धातूला जोडलेला, म्हणून तीन. गडद हिरव्यात दोन जोडलेले, म्हणून दोन. विरल द्रावणाचा गोठणबिंदू हे तिन्ही सहज वेगळे दाखवतो. कोबाल्ट क्लोराइडच्या अमोनियायुक्त संयुगांचेही असेच : सहा, पाच आणि चार अमोनिया असलेल्या क्षारांतून अनुक्रमे चार, तीन आणि दोन आयन मिळतात. आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये मांडलेली सहसंबद्ध संयुगांची कल्पना अशाच आयनगणतीवर पारखली गेली, जरी त्यांनी स्वतः मुख्य भर वाहकतेवर दिला होता.

एक सूचना महत्त्वाची आहे. गडद हिरवा क्रोमिअम क्षार पाण्यात तसाच राहत नाही. जोडलेले क्लोराइड हळूहळू सुटून त्यांची जागा पाणी घेते आणि कण वाढतात. म्हणून द्रावण थंड पाण्यात करून लगेच मोजावे, आणि काही तासांनी पुन्हा मोजून बदल नोंदवावा.

याउलट मर्क्युरिक क्लोराइड पाण्यात जवळजवळ अखंड रेणूंच्या रूपातच राहते, म्हणून त्याचा गुणांक १ च्या आसपास येतो. ‘क्षार’ या नावावरून आयनांची अपेक्षा धरणाऱ्याला ते चकवते. मर्क्युरस नायट्रेटचे उदाहरण आणखी रोचक आहे : पाऱ्याचा एकेरी आयन असता तर पाऱ्याच्या प्रत्येक अणूमागे दोन कण मिळाले असते, पण पाऱ्याचे दोन अणू जोडलेला दुहेरी भाराचा आयन असल्यामुळे दीडच मिळतात.

क्षार मिसळल्यावर गोठणबिंदू खाली जाण्याऐवजी वर जातो, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि त्यात नियमभंग काहीच नाही. पोटॅशिअम आयोडाइडच्या द्रावणात लाल मर्क्युरिक आयोडाइड घातले की ते विरघळते, पण विरघळताना त्याचा प्रत्येक रेणू दोन आयोडाइड आयनांना सामावून घेऊन एकच जटिल आयन बनवतो. दोन कण गेले, एक आला. ०.२ मोलॅल पोटॅशिअम आयोडाइडमध्ये आदर्श हिशेबाने ०.४ मोल कण असतात, त्यात ०.०५ मोल मर्क्युरिक आयोडाइड विरघळले तर ०.३५ उरतात, आणि घट ०.७४४ वरून ०.६५१ अंशांवर येते. बाटलीत पदार्थ वाढला, कण कमी झाले. तांब्याच्या क्षारात अमोनिया मिसळण्याचा हिशेबही याच धर्तीवर करता येतो. पाऱ्याची संयुगे विषारी आहेत, त्यामुळे हा प्रयोग योग्य देखरेखीविना करू नये.

वाहकता मोजणे सोपे असताना गोठणबिंदू कशाला?

दोन्ही मोजण्या एकमेकींना पूरक आहेत. वाहकतेला भार नसलेले कण दिसत नाहीत आणि आयनाचा वेग व भार यांचे परिणाम तीत मिसळतात. गोठणबिंदूला भार कळत नाही, पण एकही कण त्याच्या नजरेतून सुटत नाही. अशुद्धीच्या बाबतीतही दोघे वेगळे वागतात : थोडे आम्ल राहिले तर वाहकता फार चढते, आणि थोडा अल्कोहोल राहिला तर फक्त गोठणबिंदू बिघडतो.

मोजणी किती अचूक असावी लागते?

वाटते त्यापेक्षा खूपच जास्त. ०.०१ मोलॅल मिठाची एकूण घट सुमारे ०.०३६ अंश. तापमानात ०.००१ अंशाची चूक झाली तर गुणांकात जवळजवळ ३ टक्के चूक येते, आणि डेबाय–ह्यूकेल परिणामही तेवढाच असतो. म्हणून जे तपासायचे तेच चुकीत बुडून जाते. एर्न्स्ट बेकमन यांनी यासाठी बनवलेल्या तापमापीत पाच-सहा अंशांचाच आवाका असे, अंशाचे शंभर भाग कोरलेले असत आणि भिंगातून त्याहून बारीक अंदाज घेता येई. ती फक्त फरक दाखवत असे, खरे तापमान नव्हे. आज थर्मिस्टर (तापमानानुसार विद्युतरोध बदलणारा घटक) वापरतात. शुद्ध पाणी आणि द्रावण यांतला फरक थेट मोजणारी जोडी लावली तर उपकरणाच्या सरकण्याचा बराच भाग आपोआप वजा होतो.

अगदी बारीक कामात विरघळलेली हवासुद्धा मोजावी लागते. हवेने संपृक्त झालेले पाणी हवा काढून टाकलेल्या पाण्यापेक्षा सुमारे ०.००२४ अंशांनी खाली गोठते. म्हणून शुद्ध पाणी आणि द्रावण या दोन्हींतील हवेची स्थिती सारखी ठेवावी.

अतिशीतनाची अडचण कशी सोडवावी?

द्रावण गोठणबिंदूच्या खाली जाऊनही द्रवच राहते आणि मग अचानक बर्फ धरून तापमान उसळी घेते. त्या उसळीचे शिखर हाच गोठणबिंदू असे समजणे ही नेहमीची चूक आहे. पाण्याची विशिष्ट उष्णता ४.१८ जूल आणि बर्फाची सुप्त उष्णता ३३४ जूल प्रति ग्रॅम आहे, म्हणजे १ अंश अतिशीतन झाले असेल तर उसळीपर्यंत सुमारे १.२५ टक्के पाणी बर्फ होऊन बाजूला पडलेले असते आणि उरलेले द्रावण तेवढे संहत झालेले असते. अतिशीतन अर्ध्या अंशाच्या आत ठेवावे, वेळ आली की बर्फाचा बारीक कण टाकून गोठण सुरू करावे, सतत पण एकाच गतीने ढवळावे आणि गोठल्यानंतरची उतरती रेषा मागे वाढवून खरा बिंदू काढावा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे बर्फ आणि द्रावण समतोलात येऊ देऊन त्या द्रवाचा नमुना काढून त्याचीच संहती तपासणे. मग किती बर्फ झाला याची चिंता उरत नाही.

स्फटिकजल असलेला क्षार वापरला तर?

स्फटिकजल म्हणजे स्फटिकातच बांधलेले पाणी; ते द्रावकात धरावे. सात रेणू पाणी असलेल्या मॅग्नेशिअम सल्फेटचे एक मोल २४६.५ ग्रॅम भरते आणि त्यात १२६ ग्रॅम पाणीच असते. ०.१ मोल घेतल्यास १२.६ ग्रॅम जास्तीचे पाणी मिळते आणि ते विसरल्यास १.२६ टक्क्याची चूक शिरते. क्षार हवेतील ओल शोषणारा असेल तर वजनावर विसंबू नये. द्रावणाचे रासायनिक विश्लेषण करून संहती ठरवावी.

फेरिक क्लोराइडचे आकडे स्थिर का राहत नाहीत?

जलापघटनामुळे. फेरिक आयन पाण्याशी क्रिया करून हायड्रोजन आयन मोकळा करतो, त्यामुळे कण वाढतात. पुढे हायड्रॉक्सी आयन एकमेकांना जोडले गेले की कण पुन्हा कमी होतात. दोन्ही क्रियांचा वेग वेगळा, म्हणून ताज्या आणि जुन्या द्रावणाचे आकडे जुळत नाहीत. थोडे आम्ल घालून जलापघटन दाबता येते, मात्र मग त्या आम्लाची घट वेगळी मोजून वजा करावी लागते, आणि तीही त्याच आयनी तीव्रतेला.

पाण्याखेरीज दुसरे द्रावक चालतात का?

चालतात, आणि काही वेळा तेच अधिक उपयोगी ठरतात. सोडिअम सल्फेटच्या दहा रेणू पाणी असलेल्या स्फटिकाचे ३२.३८ अंशांना रूपांतर होते. त्या संपृक्त द्रावणात सोडिअम आणि सल्फेट आधीपासूनच असल्यामुळे ते आयन बाहेरून आले तरी मोजले जात नाहीत. फक्त परके कण मोजले जातात. सोडिअमचा बहुमोलिब्डेट क्षार त्यात विरघळवला की सोडिअम गणतीतून वगळला जातो आणि मोठ्या ऋण आयनात मोलिब्डेनमचे किती अणू एकत्र आले आहेत ते सरळ काढता येते. वितळलेल्या क्षारांतही हेच तत्त्व चालते. सोडिअम नायट्रेट ३०७ अंशांना वितळते. त्यात शिसे नायट्रेट घातले तर केवळ शिशाचा आयन मोजला जातो. ॲल्युमिनिअमच्या विद्युत-भट्टीतील वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ॲल्युमिना कोणत्या रूपात असते याचे महत्त्वाचे धागेदोरेही याच पद्धतीने हाती आले : अतिविरल अवस्थेत ॲल्युमिनाच्या प्रत्येक एककामागे तीन परके कण दिसतात.

बेंझिनसारख्या अध्रुवीय द्रावकात चित्र उलटे होते; तेथे कण फुटण्याऐवजी एकत्र येतात. ॲल्युमिनिअम ब्रोमाइड बेंझिनमध्ये जोड-रेणूच्या रूपात असते, म्हणून घट निम्मीच येते. बेंझिन कर्करोगकारक असल्याने शक्य तेथे सायक्लोहेक्झेन वापरावे. त्याचा गोठणस्थिरांक २० च्या आसपास असल्यामुळे मोजणीही सोपी जाते.

गोठणबिंदूवरून क्रियाशीलता गुणांक काढता येतो का?

येतो. क्रियाशीलता गुणांक म्हणजे क्षाराचा प्रभाव आदर्श वर्तनाच्या तुलनेत किती आहे हे सांगणारा आकडा. मोजलेल्या व्हान्ट हॉफ गुणांकाला आयनांच्या अपेक्षित संख्येने भागले की तर्षण गुणांक मिळतो, ०.१ मोलॅल मिठासाठी १.८७ भागिले २, म्हणजे ०.९३५. हा गुणांक पाण्याची स्थिती सांगतो. अतिविरल द्रावणापासून त्या संहतीपर्यंत त्याचे आकडे जमवून गिब्ज–ड्यूहेम समीकरणाने (पाणी आणि क्षार यांच्या स्थितीतील बदल एकमेकांशी जोडणाऱ्या समीकरणाने) बेरीज केली की क्षाराचा सरासरी क्रियाशीलता गुणांक हाती येतो, जो येथे ०.७८ च्या जवळ असतो. अतिविरल भागातली लहानशी चूक या बेरजेत पुढपर्यंत वाहत जाते, म्हणून तेथील मोजण्यांवरच सर्वांत जास्त वेळ खर्च करावा.

हे आकडे २५ अंशांनाही लागू पडतात का?

मिळणारे आकडे त्या त्या द्रावणाच्या गोठणबिंदूचे असतात, म्हणजे विरल द्रावणासाठी ० अंशाच्या जवळचे. २५ अंशांवर न्यायचे असतील तर विरलनाची उष्णता आणि उष्णताधारकता यांच्या आधारे दुरुस्ती करावी लागते. साध्या क्षारांत ती लहान असते. जेथे जटिल आयन बनण्यात बरीच उष्णता शोषली किंवा सोडली जाते, तेथे मात्र समतोलच सरकतो, आणि ० अंशाला मोजलेला कणांचा हिशेब २५ अंशांच्या वाहकतेशी तसाच ताडून पाहणे चुकीचे ठरते.